इग्वाना नर की मादी? मांडीखाली बघा

श्रोतेहो, नमस्कार.

घरात पाळलेला हिरवा इग्वाना, म्हणजे झाडावर राहणारा मोठा सरडा, नर की मादी, हे मांडीखाली कळतं. पुन्हा सांगते, मांडीखाली. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली देऊन त्याला उचला. शेपटी धरू नका, ती तुटून हातात येते. मागच्या मांडीच्या खालच्या बाजूला छिद्रांची एक ओळ असते. मादीत ती टाचणीने टोचल्यासारखी बारीक दिसते. वयात आलेल्या नरात प्रत्येक छिद्रातून मेणासारखा कडक खुंट डोकावतो, बोट फिरवलं तर खरखरीत लागतो. तो पिळून काढू नका, जखम चिघळते. शिवाय नराचे गाल फुगीर, पाठीचे काटे उंच, शेपटीच्या बुडाशी दोन फुगवटे. पहिल्या वर्षात मात्र दोघांचीही छिद्रं बारीकच असतात. तेव्हा पिल्लू विकणाऱ्याने कितीही छातीठोक सांगितलं तरी दोन-तीन वर्षं थांबा.

नर-मादी ओळखण्यावर काय काय अवलंबून असतं, ते अँग्विला या कॅरिबियन बेटावर दिसलं. 1995 च्या सप्टेंबरात लुईस आणि मॅरिलिन ही दोन चक्रीवादळं कॅरिबियन बेटांना झोडपून गेली. मग 4 ऑक्टोबरला अँग्विलाच्या पूर्व किनाऱ्यावर हिरवे इग्वाना दिसले. ही जात त्या बेटावर आधी नव्हतीच! कोळ्यांनी सांगितलं, उन्मळलेल्या झाडांचा मोठा तराफा आला, सगळा किनाऱ्याला लागायला दोन दिवस गेले. काही ओंडके 30 फुटांहून लांब, मुळांच्या जाळ्यासकट. इग्वाना वाळूवर होते, तसेच खाडीत तरंगणाऱ्या ओंडक्यांवरही. निदान पंधरा तरी. ग्वादलूप या दुसऱ्या बेटाकडून वाहत आले असावेत, असा अंदाज निघाला. पण समुद्र ओलांडून भागत नाही. पंधराच्या पंधरा नर असते, तर ते म्हातारे होऊन संपले असते. म्हणून संशोधकांनी सापडतील ते पकडले, खुणा केल्या, नर-मादी तपासले. दोन्ही निघाले! आणि 1998 मध्ये त्यांतली एक मादी अंड्यावर येण्याच्या अवस्थेत सापडली. त्याच वर्षी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात हे छापून आलं.

घरातली मादी तर नराशिवायही अंडी धरते, एका खेपेला वीस ते सत्तर. ‘नर’ समजून वाढवलेला इग्वाना खाणं सोडून कोपरे उकरू लागला, पोटात गोळे हाताला लागले, की ती मादी समजा. तिला आत शिरून वळता येईल एवढं खोकं ओलसर मातीने भरून द्या. जागा मिळाली नाही तर अंडी पोटात अडकतात आणि मादी दगावते. ती मलूल पडली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता माप. पूर्ण वाढलेला नर नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत दीड ते पावणेदोन मीटर, मादी बहुधा त्याहून लहान. यात दोन तृतीयांश शेपटीच असते, आणि तुटून पुन्हा आलेली शेपटी आखूड राहते. म्हणून नाकापासून गुदद्वारापर्यंत मोजा, सोबत वजन करा, दर महिन्याला. नाकापासून गुदद्वारापर्यंत, हे विसरू नका. काचेच्या टाक्या तर मला मुळीच पसंत नाहीत, हा झाडावर चढणारा प्राणी आहे, मासा नव्हे. तळहातावरचं पिल्लू बघून पेटी घेऊ नका. माणूस उभा राहील एवढ्या उंचीचा पिंजरा पहिल्याच वर्षी बांधायला घ्या.