पाटी वर करा

(पुण्यात शिक्षक आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मित्रहो, वर्गातल्या तंत्रज्ञानानं शिकणं सुधारतं की बिघडतं, असा आजचा प्रश्न आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. मुलाच्या डोक्यात काय चाललंय हे जे साधन शिक्षकाला दाखवतं, ते वर्गात हवं. जे झाकतं ते नको, मग ते कितीही महागाचं असो.

सहावीचा एक वर्ग डोळ्यांसमोर आणा. दशांश अपूर्णांकांचा तास चालू आहे. भिंतीवरच्या मोठ्या डिजिटल पॅनेलवर एका चौरसाचे आधी दहा भाग होतात, मग शंभर, मग त्यांत रंग भरतो. पाठोपाठ प्रश्न येतो, '०.३५ आणि ०.५ यांत मोठी संख्या कोणती?' पुढच्या बाकावरची तीन-चार मुलं ओरडतात, '०.५!' हिरवी खूण उमटते, टाळ्या वाजतात, पाठ पुढे सरकतो. मी हे पाहिलेलं आहे. त्या दिवशी बाईंनी मात्र पॅनेल थांबवलं आणि म्हणाल्या, 'मोठी संख्या आपापल्या पाटीवर लिहा. शेजाऱ्याचं बघायचं नाही. हं, पाटी वर करा.' निम्म्याहून अधिक पाट्यांवर ०.३५ होतं. एका मुलीला त्यांनी विचारलं, 'का गं?' ती म्हणाली, 'पॉइंटच्या पुढे जास्त आकडे आहेत ना.'

या उत्तराची किंमत फार मोठी आहे. ती मुलगी गाफील नव्हती. अंक जास्त तर संख्या मोठी, हा पूर्ण संख्यांचा नियम तिनं विचार करूनच इथे लावला होता. बाईंना आता नेमकं कुठून सुरू करायचं ते कळलं: ०.५ म्हणजे ०.५०, पन्नास शतांश. ॲनिमेशनमध्ये हेच होतं, पण ते मुलीच्या गैरसमजापर्यंत पोचलंच नव्हतं. टाळ्यांच्या आवाजात तो गैरसमज वर्षभर सुखानं नांदला असता.

म्हणून पाटी चांगली आणि पडदा वाईट, असं मी म्हणत नाही. प्रत्येक मुलाच्या हातात टॅब असेल आणि सगळ्यांची उत्तरं बाईंना एका नजरेत दिसत असतील, तर तो टॅबही पाटीचंच काम करतो. दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांसाठी शाळेनंतरच्या केंद्रांमध्ये 'माइंडस्पार्क' हा संगणकी कार्यक्रम वापरला गेला. कुणाला मोफत जागा मिळणार हे सोडतीनं ठरलं होतं, त्यामुळे तुलना चोख झाली. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी, दोन्हींत या मुलांनी इतरांपेक्षा स्पष्ट आघाडी घेतली. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली खरी गोष्ट अशी की ही मुलं आपल्या इयत्तेच्या कितीतरी मागे होती, आणि संगणक त्यांना इयत्तेचं नव्हे, तर ती जिथे उभी होती तिथलं उदाहरण देत होता. शिवाय दीड तासातली ४५ मिनिटंच संगणकाची. उरलेली ४५ मिनिटं लहान गटात माणूस शिकवत होता. जाहिरातीत ही दुसरी ४५ मिनिटं गाळली जातात, याचा मला मनस्वी राग येतो.

उलट टोक पेरू देशाचं. तिथे सरकारनं लाखो मुलांना लॅपटॉप वाटले. ग्रामीण भागातल्या ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये आला, तेव्हा गणितात आणि भाषेत फरक पडलेला दिसला नाही. यंत्र पोचलं होतं, शिकवणं होतं तसंच राहिलं होतं.

आता आपल्या पुण्याकडे येऊ. आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका हे मुलांचं विज्ञान केंद्र आहे. तिथे अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून खेळणी केली. सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि काड्यापेटीतल्या काड्या एवढंच सामान. तीन काड्यांचा त्रिकोण करा. बोटानं दाबा, आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन जरासा धक्का लागला की कलतो. मग एखादं मूल आपणहून तिरपी काडी लावतं आणि चौकोन ताठ उभा राहतो. पत्र्याच्या छपराला कैच्या, म्हणजे तिरपे आधार, का असतात, हे त्याला बोटांनी कळतं. काचेवर बोट फिरवून तो ताठपणा जाणवायचा नाही. पण हेही सांगायला हवं की ही खेळणी इतक्या दूर गेली ती इंटरनेटवर मोफत ठेवलेल्या छोट्या चित्रफितींमुळे. बघायला पडदा, करायला हात.

आणि काही गोष्टी पडद्यावाचून दाखवताच येत नाहीत. हृदयाच्या झडपा उघडमीट करताना, वायूचे कण तापल्यावर धावताना, हे फळ्यावर खडूनं कसं दाखवणार? कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' या संकेतस्थळावर असे प्रयोग पडद्यावर करून बघता येतात, मराठीतूनही आणि मोफत. त्यातल्या वायूच्या प्रयोगात तापमान वाढवण्याआधी मुलांना 'आता दाब वाढेल की कमी होईल?' एवढं वहीत लिहायला लावा. तेवढ्यानं तासाचा नूर पालटतो.

घरच्या मोबाइलबद्दल थोडक्यात बोलते. 'असर' या शालेय शिक्षणाच्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांना मागच्या आठवड्यातला वापर विचारला होता. ५७ टक्क्यांनी अभ्यासासाठी फोन वापरला होता, ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आहेत, पण तो स्कॅन करायला सांगणारं मोठं माणूस शेजारी नसेल, तर फोन कुठे जातो ते पालकांना मी सांगायला नको.

शेवटी पैशांचं. पॅनेल घेताना दरपत्रकं मागवली जातात, हमीची मुदत तपासली जाते, उद्घाटनाला पाहुणे येतात. शिक्षकांच्या वाट्याला पुष्कळदा अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण येतं, तेही विक्रेत्याच्या माणसाकडून. त्यात पेन कसं चालवायचं ते कळतं. कोणत्या पाठात ते खाली ठेवायचं, ते कळत नाही. ते कळायला शिक्षकांनी एकत्र बसून पाठ आखावा लागतो, एकमेकांचे तास बघावे लागतात. इथे शाळा व्यवस्थापन समितीतले पालक बसले आहेत. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या बैठकीत खरेदीचा विषय आला, की आधी वेळापत्रक मागवा. शिक्षकांना असा एक सामाईक मोकळा तास आठवड्यातून मिळतो का ते पाहा, आणि मिळत नसेल तर पहिला ठराव त्याचा मांडा.