हरायला जागा होती का?

नमस्कार मंडळी. मागच्या वेळी बोलता बोलता मी म्हटलं होतं की दुसऱ्या देशाचं सैन्य दारात उभं असताना घेतलेल्या निवडणुकीवर माझा विश्वास बसत नाही, तर त्यावर एका काकांचा फोन आला, म्हणाले ताई असं सरसकट कसं म्हणता, मग जपानचं काय? काकांचा प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि मी तेव्हा घाईत बोलून गेले, म्हणून आज सगळा वेळ त्यालाच देते.

जपानचं आधी उरकते. महायुद्धात हरल्यावर जपान अमेरिकन सैन्याच्या ताब्यात होता, आणि तशातच १० एप्रिल १९४६ला तिथे निवडणूक झाली. जपानच्या बायकांनी त्या दिवशी पहिल्यांदा देशाच्या निवडणुकीत मत टाकलं आणि ३९ बायका निवडून आल्या. वेगवेगळे पक्ष लढले, कुणी जिंकलं, कुणी हरलं. पूर्ण स्वच्छ होती का, तर तसंही नाही, ज्या पक्षाच्या सगळ्यात जास्त जागा आल्या त्याचे नेते इचिरो हातोयामा पंतप्रधान होणार तेवढ्यात अमेरिकन लष्करी प्रशासनाने त्यांच्यावर सार्वजनिक पदांची बंदी घातली आणि खुर्चीवर योशिदा बसले. म्हणजे शंका तिथेही आहेच. पण तरी ती निवडणूक होती, कारण तिच्यात हरायला जागा होती.

हे वाक्य लक्षात ठेवा मंडळी, आज मी ते परत परत म्हणणार आहे. हरायला जागा होती का? सैन्य होतं का हे तर विचारायचंच, पण त्याच्या पुढे जाऊन विचारायचं की ज्याच्या हातात बंदूक होती तो हरू शकत होता का.

आता चला बाल्टिक समुद्राच्या काठी. लिथुआनिया, लाटव्हिया, एस्टोनिया, तीन चिमुकले देश, शेजारी अवाढव्य सोव्हिएत युनियन, आपण ज्याला नुसतं रशिया म्हणायचो तो. ऑगस्ट १९३९मध्ये हिटलर आणि स्टालिन यांच्या सरकारांनी गुपचूप करार करून पूर्व युरोप आपसात वाटून घेतला, आणि जून १९४०मध्ये रशियाने या तिघांना एकामागून एक निर्वाणीचे खलिते धाडले. १५ जूनला लिथुआनियात लाल सैन्य शिरलं, १७ला लाटव्हिया आणि एस्टोनियात. खरं ते सांगायला पाहिजे, या तिन्ही देशांत तेव्हा काही फार लोकशाही नांदत नव्हती, तिथल्या आपल्याच पुढाऱ्यांनी आधी सत्ता बळकावलेली होती. पण आपल्या घरातलं भांडण वेगळं आणि दरवाजा तोडून आत आलेला माणूस वेगळा.

लाटव्हियाचे अध्यक्ष होते कार्लिस उल्मानिस, आणि १७ जूनच्या रात्री ते रेडिओवरून बोलले, रणगाडे रीगा शहरात आलेले होते आणि हा माणूस लोकांना सांगत होता की मी माझ्या जागेवर राहतो, तुम्ही तुमच्या जागेवर राहा. बस. महिनाभरात त्यांनाच उचलून सोव्हिएत युनियनमध्ये नेलं, आणि १९४२मध्ये ते तिकडेच कैदेत वारले. माईकसमोर बसताना मला ते वाक्य कितीदा तरी आठवतं.

सैन्य आल्यावर चारच आठवड्यांत निवडणूक. तिन्ही देशांत एकाच वेळी, १४ आणि १५ जुलै १९४०. मॉस्कोहून एकेका देशासाठी एकेक साहेब येऊन बसले होते, लिथुआनियात देकानोझोव, लाटव्हियात विशिन्स्की, एस्टोनियात झ्दानोव, आणि कागदावर सरकार तिथल्याच माणसांचं. एस्टोनियात विरोधकांनी धीर करून सत्तरच्या वर उमेदवार उभे केले, तर ऐनवेळी फर्मान निघालं की प्रत्येकाने आपला जाहीरनामा उद्या दुपारपर्यंत आणून द्यायचा. म्हणजे हातात काही तास. तरी बऱ्याच जणांनी दिले हो लिहून! मग काय, ते बाद केले, कुणाला धमकावून माघार घ्यायला लावली, आणि शेवटी जो एकटा उरला त्याला अटक. लाटव्हियात सरकारी उमेदवारांच्या यादीशिवाय दुसरी यादीच चालू दिली नाही. लिथुआनियात मतदानाच्या दोन-तीन दिवस आधी रात्रीत शेकडो लोक उचलले, आणि ७९ जागांना उमेदवार किती? ७९.

परत सांगते, जागा ७९, उमेदवार ७९. हरायला जागा कुठेय?

इथे जरा बाजूला जाते, पण माझ्या मनात हे फार दिवस आहे. आपल्याकडे गाव बिनविरोध झालं की सत्कार होतात, पेपरात फोटो येतात, आणि मला ते कधी पटलेलं नाही. सगळ्यांनी मनापासून ठरवलं असेल तर आनंद आहे, पण २०२१ला नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळीची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाने रद्द केली होती ती कशामुळे, तर पदांचा जाहीर लिलाव झाला म्हणून. ज्याला उभं राहायचं होतं तो का बसला हे कुणीतरी विचारायला पाहिजे. असो. ते घरचं आहे, आपण बाल्टिकला होतो.

तर मतदान. मत दिलं की पासपोर्टवर शिक्का. पासपोर्ट म्हणजे आपला परदेशी जायचा नव्हे, तिथे ओळखपत्र म्हणून घरोघरी असायचा तो. आता तुम्ही म्हणाल आपल्यालाही बोटाला शाई लावतात की. लावतात, पण ती माणसाने दुसऱ्यांदा मत देऊ नये म्हणून, आणि नख वाढलं की ती जाते, आणि बोट कोरं दिसलं म्हणून कुणी तुम्हाला घरातून उचलून नेत नाही. तो शिक्का कागदावर कायमचा. एस्टोनियातल्या सरकारी पेपरने त्याच दिवशी छापलं होतं की निवडणुकीच्या दिवशी घरी बसतात ते फक्त जनतेचे शत्रू. आता सांगा, सैन्य रस्त्यावर, पेपरात हे, आणि तुमचा पासपोर्ट कोरा. कोण घरी बसेल?

आणि त्या सरकारी यादीला मतं किती पडली? सरकारी आकडा बघा. लिथुआनियात ९९ टक्क्यांच्या वर, लाटव्हियात ९७.८, एस्टोनियात ९२.८. प्रचारात रशियात सामील व्हायचं हा विषयच नव्हता, कुणी तसं बोललं तर अफवा पसरवतो म्हणून त्यालाच दटावायचे. आणि २१ जुलैला नव्या सभा भरल्या त्या भरल्या आणि ठराव काय, तर आम्हाला सोव्हिएत युनियनमध्ये घ्या. लिथुआनियाची सभा कौनास शहरातल्या नाट्यगृहात भरली होती, हात वर करून मतदान, एकमताने. कौनास हे नाव तेवढं ध्यानात असू द्या.

हल्लीचंही एक सांगून टाकते. क्रिमियात १६ मार्च २०१४ला सार्वमत झालं, रशियन सैनिक आधीच पसरलेले होते, आणि मतपत्रिकेवर पर्याय दोन, एक रशियात जायचं, दुसरा क्रिमियाला जास्त अधिकार देणारी १९९२ची राज्यघटना परत आणायची. आज आहे तसंच युक्रेनमध्ये राहू द्या म्हणणाऱ्याने शिक्का मारायचा कुठे? जागाच नव्हती. त्यावर मी जास्त बोलत नाही कारण मला आता माझ्या आवडत्या गोष्टीकडे यायचंय, आणि वेळ बराच गेलाय.

१९९१ साल. तोच लिथुआनिया. पन्नास वर्षं उलटली, आणि मार्च १९९०मध्ये या छोट्या देशाने आम्ही परत स्वतंत्र झालो असं जाहीर केलं. मॉस्कोला ते मान्य नव्हतं, सोव्हिएत सैन्य देशातच होतं, त्याचे तळ, रणगाडे, सगळं. जानेवारी १९९१मध्ये सैन्याने राजधानी विल्नियसमध्ये मोक्याच्या इमारती ताब्यात घ्यायला सुरुवात केली. आणि लोक काय करतात? लोक घराबाहेर येतात. जानेवारीतली तिकडची थंडी, आपल्याला कल्पना नाही, त्या थंडीत संसदेभोवती, रेडिओ-टीव्हीच्या इमारतीभोवती, टीव्ही टॉवरभोवती हजारो लोक रात्र रात्र उभे. लाकडं पेटवून शेकोट्या केलेल्या, कुणी घरून चहा आणलाय, कुणी पाव आणलाय, म्हाताऱ्या बायका, कॉलेजची पोरं, आणि गाणी चाललीयत. हातात काही नाही हो, काठीसुद्धा नाही.

१३ जानेवारीची ती रात्र, मध्यरात्र उलटून गेलेली, टॉवरकडे रणगाडे आले. लोक हलले नाहीत. एकमेकांचे हात धरून उभे राहिले. सैनिकांनी गोळ्या झाडल्या, रणगाडे गर्दीत घातले, त्या रात्रीच्या हल्ल्यात चौदा माणसं गेली, त्यात एक तरुण मुलगी रणगाड्याखाली आली. आणि तिकडे स्टुडिओत निवेदिका कॅमेऱ्यासमोर बसून सांगतेय की सैनिक आपल्या इमारतीत शिरलेत, ती सांगत राहिली, उठली नाही, आणि मग पडद्यावरचं चित्र गेलं.

विल्नियसचा टीव्ही बंद झाला. घराघरात लोक त्या बंद पडद्याकडे बघतायत, बाहेर काय चाललंय माहीत नाही, आता पुढे कोण सांगणार?

तर मंडळी, साधारण तासाभराने पडदा परत उजळला. कौनास! तेच कौनास, जिथे ५० वर्षांपूर्वी नाट्यगृहात हात वर करून देश देऊन टाकला होता. तिथे एक छोटासा स्टुडिओ होता, त्याचा वापर एरवी आठवड्यातून एखाद्या कार्यक्रमापुरता, तिथल्या लोकांनी बटणं चालू केली आणि बोलायला सुरुवात केली. लिथुआनियनमध्ये तर बोललेच, पण बाहेरच्या जगाला कळावं म्हणून वेगवेगळ्या भाषांत बोलले, ज्याला जी भाषा येते तो पुढे येऊन ती बोलतोय, मदत करा, आमच्याकडे हे होतंय, जगाला सांगा. रात्रभर. मी हे दरवेळी सांगताना माझ्या अंगावर काटा येतो, खरंच सांगते, कारण आमच्या धंद्यातल्या माणसाला यापेक्षा मोठं काम काय असणार, आपला आवाज बंद पडला तर दुसऱ्या गावाने तो उचलायचा.

आणि म्हणूनच मी सारखी सांगते घरात एक सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर असू द्या. मोबाइल आहे, मान्य, पण लाइट गेली, टॉवर गेला, नेट बंद केलं, मग काय? सांगली-कोल्हापूरला पूर आला तेव्हा ज्यांच्याकडे रेडिओ होता त्यांना विचारा.

तर ती पहाट झाली, सैन्य संसदेवर चालून गेलं नाही, आत अध्यक्ष होते व्हिताउतास लँड्सबर्गिस, संगीताचे प्राध्यापक, आणि बाहेर लोकांचा वेढा. लोकांनी सिमेंटचे ठोकळे रचून संसदेभोवती भिंत उभी केली. टॉवर मात्र सैन्याच्या ताब्यात राहिला. आणि अशा सगळ्यात सरकारने ठरवलं की लोकांना विचारायचं. तारीख ९ फेब्रुवारी १९९१, म्हणजे ती रात्र होऊन चार आठवडेसुद्धा झाले नव्हते. सोव्हिएत युनियनचे अध्यक्ष गोर्बाचेव यांनी आधीच हुकूम काढून सांगितलं की हे मतदान बेकायदेशीर, आम्ही मानत नाही. प्रश्न एकच होता, लिथुआनिया स्वतंत्र लोकशाही प्रजासत्ताक असावा का, हो की नाही.

आता काकांचा प्रश्न परत आठवा. सैन्य होतं का? होतं. १९४०ला होतं तेच. मग हे मतदान खरं कसं मानायचं आणि ते खोटं कसं?

ज्याच्याकडे बंदूक होती त्याला हे मतदान नकोच होतं. पेटी त्याच्या हातात नव्हती. पासपोर्टवर शिक्का नाही, घरी बसलात तर शत्रू नाही, आणि ज्यांना वाटत होतं की सोव्हिएत युनियनमध्येच बरं आहे, असे लोक तिथे होते, रशियन बोलणारे होते, पोलिश बोलणारे होते, त्यांनी 'नाही' म्हटलं तर ते मोजलं जाणार होतं. जवळपास ८५ टक्के लोक मतदानाला आले, त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी 'हो' म्हटलं. आकडा ऐकून कुणी म्हणेल हाही मोठाच आहे की, १९४०सारखाच. म्हणून मी नुसत्या टक्क्यांकडे बघत नाही. मी बघते दुसरा आकडा. 'नाही' किती? जवळपास दीड लाख. दीड लाख माणसांनी 'नाही' म्हटलं, ते मोजलं, ते जाहीर केलं, आणि ती दीड लाख माणसं दुसऱ्या दिवशी आपापल्या कामाला गेली.

परत एकदा, दीड लाख 'नाही'. १९४०ला ७९ जागांना ७९ उमेदवार.

मतदानानंतर दोनच दिवसांनी आइसलँडच्या संसदेने ठराव करून लिथुआनियाच्या स्वातंत्र्याला दुजोरा दिला, सगळ्या जगात पहिला पुढे आला तो हा एवढासा देश. बाकीचे मोठमोठे देश थांबले, ऑगस्टमध्ये मॉस्कोत उठाव फसला तेव्हा हलले. आणि सैन्य? ते मतदानानंतरही अडीच वर्षं तिथेच होतं. शेवटची तुकडी गेली ३१ ऑगस्ट १९९३ला.