गुत्त्यातली पेटी, चर्चमधली पेटी

संगीत नाटकावर पोसलेल्या मंडळींसमोर बोलतोय, म्हणून ओळखीच्या वाद्यापासून सुरुवात करतो. पायांनी भाता मारायचा आणि दोन्ही हात वाजवायला मोकळे ठेवायचे, ती आपली पायपेटी. तशीच पेटी दक्षिण आफ्रिकेतल्या चर्चमध्येही असायची. रविवारी सकाळी तिच्यावर प्रार्थनागीतं वाजत. आणि १९२०-३०च्या दशकांत जोहान्सबर्गच्या गरीब वस्त्यांमध्ये, चोरून दारू विकणाऱ्या गुत्त्यांत, शनिवारची अख्खी रात्र पेटीवर ‘मराबी’ चाले. मराबी म्हणजे तीन-चार कॉर्ड्‌सचं, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या जुळण्यांचं, छोटंसं आवर्तन. ते फिरत राहतं, संपायचं नावच घेत नाही. हे कॉर्ड प्रार्थनागीतांतलेच! सभ्य ख्रिस्ती घरांत मराबीला नाकं मुरडत, पण स्वरांना कुठं ठाऊक आपण गुत्त्यात आहोत की देवघरात?

‘आध्यात्मिक’ म्हटलं की आपल्याला उदबत्ती, तानपुरा आणि मिटलेले डोळे आठवतात. ते तूर्त बाजूला ठेवा. मला आज बोलायचंय ते दक्षिण आफ्रिकेतल्या जॅझ पियानोवादकांच्या आध्यात्मिक संगीतातल्या याच आवर्तनाबद्दल.

पहिले पियानोवादक अब्दुल्ला इब्राहिम. जन्म १९३४, केपटाउन. पाळण्यातलं नाव अडॉल्फ योहानेस ब्रँड, जॅझवाल्यांत ‘डॉलर’ ब्रँड. आजी चर्चमध्ये पियानो वाजवायची, म्हणजे प्रार्थनागीतं घरातच. त्याच शहरात केप मलाय मुसलमानांचा जिक्र, एकच नाम घोळवत नेणारा. डचांनी गुलाम म्हणून आणलेल्यांची ही वंशावळ. त्या गुलामांत इंडोनेशियाच्या बेटांवरचे होते, तसे बंगाल-मलबारचेही होते, हे जाता जाता सांगतो. १९६०मध्ये शार्पव्हिलला पोलिसांनी वर्णभेदी कायद्यांविरुद्धच्या निदर्शकांवर गोळ्या घातल्या, ६९ माणसं मेली. त्यानंतर सगळ्याचाच श्वास कोंडला. १९६२मध्ये इब्राहिम झुरिकला गेले. पुढच्याच वर्षी अमेरिकी जॅझमधला दिग्गज ड्यूक एलिंग्टननं त्यांना तिथं ऐकलं आणि त्यांच्या त्रिकुटाची तबकडी काढवली. १९६८मध्ये त्यांनी इस्लाम स्वीकारला.

पण चर्च सुटलं नाही हो! १९७४मध्ये केपटाउनला परतून त्यांनी ‘मॅननबर्ग’ ध्वनिमुद्रित केलं. ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ हा भाग सरकारनं १९६६मध्ये गोऱ्यांसाठी राखून टाकला. तिथून साठ हजारांवर माणसं उठवली आणि वाऱ्यावरच्या सपाट माळावर नेऊन टाकली. मॅननबर्ग ही त्यातलीच एक वस्ती. स्टुडिओतल्या साध्या उभ्या पियानोच्या हातोड्यांना टाचण्या लावलेल्या होत्या, त्यामुळे आवाज पत्र्यासारखा खणखणतो. त्यावर तेरा मिनिटं मराबीचं तेच आवर्तन फिरतं आणि वर बेसिल कुट्झींचा सॅक्सोफोन. तक्रार नाही, आरोळी नाही. बेघर झालेल्यांनी ते आपलं मानलं, आणि पुढं वर्णभेदाविरुद्धच्या सभांमध्ये ते राष्ट्रगीतासारखं वाजू लागलं. आपल्याकडे भजनाला रंग चढतो तो चाल बदलली म्हणून थोडाच? तीच ओळ विसाव्यांदा आली म्हणून चढतो. तसंच हे.

भेकी म्सेलेकूंबद्दल थोडंच बोलतो, खरं तर त्यांच्यावर वेगळी संध्याकाळ हवी. हेही जॅझवाले, डर्बनचे. लहानपणी अपघातात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. पियानो स्वतःचा स्वतः शिकले. कधी एका हातानं पियानो आणि दुसऱ्या हातानं सॅक्सोफोन, दोन्ही एकदम! १९७७मध्ये अमेरिकेतल्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवाला गेले असताना ॲलिस कोल्ट्रेन यांनी त्यांना आपल्या दिवंगत पतीच्या, थोर जॅझवादक जॉन कोल्ट्रेनच्या सॅक्सोफोनचा मुखभाग दिला. या ॲलिसबाई वेदान्ताकडे वळलेल्या होत्या, पुढं कॅलिफोर्नियात आश्रम काढून संस्कृत भजनं गाऊ लागल्या. म्सेलेकूंच्या एका रचनेचं नावच ‘दिव्य मातेचं युग’ असं आहे. २००८मध्ये म्सेलेकू लंडनमध्ये वारले, जेमतेम त्रेपन्न वर्षांचे.

त्यांना गुरुस्थानी मानणारे न्दुदुझो मखाथिनी आज चाळिशीत आहेत. ते पियानोवादक आहेत आणि सांगोमाही. सांगोमा म्हणजे पूर्वजांशी संवाद साधून उपचार करणारा झुलू परंपरेतला माणूस. आपल्याला चटकन ‘देवऋषी’ आठवेल, पण तो शब्द आपण ज्या तुच्छतेनं वापरतो ती इथं आणू नका. बांटू भाषांमध्ये ‘न्गोमा’ म्हणजे ढोल, गाणं आणि नाच. रोग्याला बरं करण्याचा विधीही न्गोमाच. ‘सांगोमा’ त्याच मुळाचा. त्यामुळे मैफल आणि उपचार वेगळे कसे करायचे, हा प्रश्न त्यांना पडत नाही, आपल्याला पडतो. त्यांच्या डाव्या हाताकडे लक्ष द्या. तिथं पुन्हा तेच, एक लहानसं चक्र गरगरत असतं आणि उजवा हात त्यातून वाट काढतो.

आता बोलणं पुरे. तबकडी आणली आहे, १९७४चीच. ‘मॅननबर्ग’ची बाजू सगळेच लावतात, तुम्ही घरी जाऊन ऐकालच. हिच्या पाठीवर दुसरी एकच रचना आहे, नाव ‘द पिलग्रिम’, वारकरी म्हणा हवं तर. आज तीच लावतो. मागचा पंखा तेवढा बंद करा कुणीतरी.