तू तिकून धर

(दृश्य: अंबाझरी तलाव, सकाळची वेळ. पाळीवर फिरायला आलेली माणसं.)

हा अंबाझरी. नाग नदी इथून पुढे नागपूरच्या पोटातून पूर्वेकडे जाते. काठावर राहणारे आम्ही लोक वर्षभर तिला नालाच म्हणतो. आमचं घर तिच्यापासून दोन गल्ल्या आत.

22 सप्टेंबर 2023, शुक्रवार. महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. ज्यांच्याकडे महालक्ष्म्या बसतात त्यांना सांगायला नको. घरातली बाई पहाटे चारला उठते ती रात्री बाराला पाठ टेकते. सोळा भाज्या, आंबील, पुरण, कढी, वर फुलोरा. आई नुकतीच आडवी झाली होती. मध्यरात्रीनंतर पाऊस सुरू झाला. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर कोसळला, तलाव ओसंडला आणि उजाडायच्या आत पाणी आमच्या घरात होतं. आधी मोरीतून उलटं आलं, मग दारातून.

आईने सगळ्यात आधी उचलले ते महालक्ष्म्यांचे मुखवटे. बोळवण दुसऱ्या दिवशी होती. दोन्ही मुखवटे पदरात घेऊन ती स्टुलावर चढली, माळ्यावर ठेवले, खाली उतरली आणि मग तिचे हात कापायला लागले. गुडघाभर पाण्यात उभी होती आणि हात थांबत नव्हते.

मला बोलायचं आहे ते या कापणाऱ्या हातांबद्दल. कारण शांत माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो दगडासारखा माणूस. ज्याला काही होत नाही, ज्याच्या डोळ्यांतून पाणी येत नाही. स्टोइक म्हणजे प्राचीन ग्रीस-रोममधल्या एका तत्त्वज्ञानाचे लोक. स्टोइक म्हणूनही लोक असाच माणूस रंगवतात. स्टोइकांनी स्वतः मात्र वेगळं सांगून ठेवलं आहे.

(दृश्य: रात्रीचं पाणी, त्यात हलणारा दिव्याचा उजेड.)

दुसऱ्या शतकात ऑलस गेलियस नावाचा रोमन लेखक जहाजाने इटलीकडे चालला होता. वादळ सुटलं. रात्रभर जहाज हेलकावे खात होतं, आत पाणी भरत होतं, माणसं रडत होती. त्याच जहाजावर एक नावाजलेला स्टोइक तत्त्वज्ञ होता. गेलियसने मुद्दाम त्याच्याकडे पाहिलं. तो रडत-ओरडत नव्हता, पण चेहरा इतरांसारखाच पांढराफटक पडलेला.

वादळ शमल्यावर गेलियसने त्याला आदराने विचारलं, तुम्हीसुद्धा घाबरलात? तत्त्वज्ञाने पिशवीतून एपिक्टेटस या स्टोइक गुरूच्या शिकवणीचं पुस्तक काढून दिलं. त्यात लिहिलं होतं की भीतीचा पहिला झटका ज्ञानी माणसालाही बसतो. रंग उडतो, काळीज धडधडतं. त्यावर कुणाचीच सत्ता चालत नाही. प्रश्न त्याच्या पुढच्या क्षणाचा असतो. मन सांगतं, ‘संपलं सगळं’. त्याला आपण होकार द्यायचा की नाही, तेवढं आपलं.

हे वाचलं तेव्हा मला आई आठवली. झटका आधी बसला असेल की मुखवटे उचलल्यावर, मला माहीत नाही. पण मुखवटे वर गेले होते.

एपिक्टेटस गुलाम म्हणून जगलेला माणूस. पायाने अधू. मालकाने सोडल्यावर रोममध्ये शिकवायला लागला, तर सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना शहराबाहेर काढलं. मग ग्रीसमधल्या निकोपोलिस गावी त्याने शाळा काढली. त्याची पहिली शिकवण म्हणजे एक वाटणी. आपलं मत, आपली इच्छा, आपली धडपड हे आपल्या हातात. घरदार, पैसा, नाव, हुद्दा हे हातात नाही. आणि आपलं शरीरही हातात नाही, असं तो म्हणतो. अधू पायाचा माणूस हे म्हणतो तेव्हा ते पुस्तकी राहत नाही.

(दृश्य: वस्तीतली गल्ली. भिंतीवर पाण्याची रेघ.)

शनिवारी पाणी उतरलं आणि गाळ राहिला. ज्याने काढला नाही त्याला या गाळाची कल्पना येणार नाही. काळा, चिकट, गटाराचा आणि पेट्रोलचा मिळून एक वास. तो ओला आहे तोवरच लोटून काढावा लागतो. एकदा वाळला की फरशीला सिमेंटसारखा धरतो. मी दारात बसून होते. फ्रीज आडवा, गाद्या फुगलेल्या, सगळी कागदपत्रं एकमेकांना चिकटलेली.

शेजारच्या काकूंचा तर वर्षाचा गहू भिजून गेला होता. त्या खराटा घेऊन आल्या. मी म्हटलं, “काकू, आता कसं व्हायचं?”

त्या म्हणाल्या, “पाणी काही माह्या हातात होतं का बाई? खराटा हाये. तू तिकून लोट, मी इकून लोटते.”

काकूंनी एपिक्टेटसचं नाव ऐकलेलं असणं शक्य नाही. पण त्याची वाटणी इतकी नेमकी मी कुठेच वाचली नाही.

(दृश्य: गाळ लोटणारे दोन खराटे, जवळून.)

स्टोइक विचाराचा जन्मही बुडण्यातूनच सांगतात. झेनो हा सायप्रसचा व्यापारी. जांभळ्या रंगाचा माल घेऊन येताना त्याचं जहाज अथेन्सजवळ फुटलं. सगळं गमावून तो शहरात एका पुस्तकविक्याकडे जाऊन बसला, तिथे सॉक्रेटिसविषयी ऐकलं आणि विचारलं, अशी माणसं भेटतात कुठे? पुढे इ.स.पू. 300 च्या सुमारास तो स्वतः अथेन्सच्या बाजारपेठेतल्या एका रंगवलेल्या पडवीत शिकवू लागला. पडवीला ग्रीक शब्द स्टोआ. त्यावरून स्टोइक. जहाज फुटलं तीच माझी सफर सुखाची झाली, असं तो म्हणे.

आपल्याकडे तुकोबांनी असंच म्हटलं आहे. सतराव्या शतकातल्या दुष्काळात दुकान बसलं, बायको अन्नावाचून गेली, आणि त्यांनी देवाला सांगितलं की दिवाळं निघालं ते बरंच झालं. लहानपणी कीर्तनात ऐकताना मला हे नुसतं भक्तीचं वाटायचं.

पण इथे थांबायला हवं. ‘बरं झालं’ हा शब्द ज्याचं बुडालं त्यानेच उच्चारावा. आमच्या वस्तीत येऊन कुणी तो आम्हाला ऐकवला असता तर मला चीड आली असती. ‘हातात नाही’ या शब्दांचाही असाच गैरवापर होतो. पाऊस कुणाच्या हातात नसतो. पण नदीच्या पात्रात बांधकाम करणं, तिचं तोंड आवळणं, सांडव्याकडे लक्ष न देणं ही माणसांची कामं आहेत. स्टोइकांचे सद्गुण चार: विवेक, धैर्य, संयम आणि न्याय. चौथा विसरून पहिले तीन शिकवले की ते गरिबाला गप्प बसवण्याचं साधन होतं.

काकू गप्प बसल्या नाहीत. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा भिजलेल्या गव्हाचं पोतं त्यांनी दारातच ठेवलं होतं. यादीत नाव नाही म्हटल्यावर दोनदा खेटे घातले, आवाज न चढवता. तिसऱ्यांदा चढवला.

(दृश्य: घराच्या आतली खोली, माळा.)

विसाव्या शतकात अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने एपिक्टेटसच्याच एका विचारावर उपचारपद्धती उभी केली: माणसाला घटना त्रास देत नाहीत, घटनेबद्दलचं त्याचं मत देतं. मराठीत ती कि. मो. फडके यांनी विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून आणली. मला स्वतःला मात्र जास्त उपयोगी पडला तो रोमचा स्टोइक लेखक सेनेका. आजच्या फ्रान्समधलं ल्योन शहर एका रात्रीत जळालं तेव्हा त्याने पत्रात लिहिलं की अचानक आलेला घाव जास्त लागतो, म्हणून काय काय होऊ शकतं ते मनात आधीच फिरवून ठेवावं. वाईट चिंतू नये अशी आपली शिकवण, त्यामुळे हे अंगवळणी पडायला मला वेळ लागला. आईला लागला नाही. आता मृग लागायच्या आधी आमच्या घरातली कागदपत्रं प्लॅस्टिकच्या डब्यात जातात, डबा माळ्यावर जातो, फ्रीजखाली विटा येतात.

तरी रात्री पत्रा वाजायला लागला की आई उठून बसते. मोरीच्या तोंडाशी बॅटरी मारून पाहते. हात तिचे अजून कापतात, बॅटरीचा उजेड भिंतीवर हलतो त्यावरून मला अंथरुणातून कळतं. मग ती माळ्यावर मुखवट्यांचा डबा चाचपते आणि मला हाक मारते.

“ऊठ वं. गव्हाची कोठी वर घेऊ. तू तिकून धर.”