पुढं काय बसताय, मागं या!

नमस्कार मंडळी, सकाळचे साडेसहा वाजलेत, मी पुणे-सातारा रोडवर बसची बॉडी बांधणाऱ्या एका कारखान्याच्या गेटवर उभाय आणि खरं सांगतो, रात्री झोप लागलेली नाही. लहानपणी स्टँडवर बसून एसट्यांचे नंबर गणिताच्या वहीत उतरवायचो, त्यापायी मारही खाल्लाय, आणि आज चक्क नव्याकोऱ्या गाडीच्या ट्रायलला बसायला मिळतंय. नाव मात्र घेऊ नका म्हणालेत, का ते पुढं कळेलच.

आधी हे बघा. गेटातून आत येतेय ती बस नाही, चासी आहे. इंजिन, स्टेअरिंग, सहा टायर आणि दोन लांबलचक बीम, बास. छप्पर नाही, काच नाही, ड्रायव्हर कानाला मफलर गुंडाळून, गॉगल लावून हायवेनं उघड्यावर आलाय. याच सांगाड्यावर चौकोनी पाइप वेल्ड होणार, मग पत्रा, मग काचा, सीटा. 1 जून 1948 ला पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली ना, त्या बेडफर्डची बॉडी लाकडी होती आणि सीट काथ्याच्या. पुढं एसटीनं दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळच्या हिंगण्याला स्वतःच्याच वर्कशॉपात ॲल्युमिनियमच्या बॉड्या बांधल्या, आणि आता अलीकडं माइल्ड स्टील, कारण अपघातात ॲल्युमिनियम फाटतं.

तर आपली गाडी. लाल ट्रेड प्लेट, म्हणजे रजिस्ट्रेशन व्हायच्या आधीची नंबर प्लेट, सीटांवर अजून प्लॅस्टिक, आणि पॅसेंजर म्हणून वाळूची पोती. विंडो सीट सगळ्या पोत्यांना! मी आपला पुढं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसलो तर फोरमनकाका ओरडले, "पुढं काय बसताय, मागं या! गाडी मागनं कळती."

खरंच आहे. मागच्या चाकाच्या मागं जी बॉडी लोंबते तिला ओव्हरहँग म्हणतात, नियमानं ती व्हीलबेसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या, 60 टक्क्यांपर्यंतच चालते, पण तेवढीही पुरते. पुढं जो स्पीडब्रेकर जाणवलाही नाही त्यानं मागं माझं डोकं जवळजवळ छताला.

कात्रजचा जुना घाट. सेकंड गिअर, इंजिन गुरगुरतंय, आणि एका वळणावर सुरू झालं, टिक. टिक. टिक. काकांनी लगेच हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. मग उठले आणि डोक्यावरच्या पॅनलवर तळहात दाबत दाबत एकेक खिडकी पुढं सरकायला लागले, डॉक्टर पोट तपासतो ना, तसं. चौथ्या खिडकीपाशी हात दाबला, आवाज बंद. हात काढला, टिक. खिशातून खडू काढून फुली मारली आणि म्हणाले, शेडमध्ये हे कधीच वाजणार नाही, तिथं जमीन सपाट, घाटात एक चाक वर एक खाली, चासी पिळते आणि तिच्याबरोबर बॉडी पण, तेव्हा जे सैल असेल ते बोलतं.

उतारावर करकचून ब्रेक मारला. गाडी सरळ रेषेत थांबली, एक नंबर! एक पोतं मात्र पुढच्या सीटवर आपटून फुटलं, आणि नव्या फ्लोअरिंगवर सगळी वाळू. मग हायवेला स्पीड गव्हर्नर बघितला, 80 च्या पुढं काटा जाईना. ठीक.

परत आल्यावर शॉवर टेस्ट. गाडी उभी, चारी बाजूंनी पाण्याचा मारा, आणि आत आम्ही टॉर्च घेऊन. छताच्या हॅचमधून पहिला थेंब कुठं पडला म्हणता? माझ्या कॅमेऱ्यावर. आता कळलं ना, नाव का नको ते. पण मी म्हणतो इथंच गळू दे की, पावसाळ्यात पॅसेंजरच्या डोक्यावर गळण्यापेक्षा बरं.

एकूण 11 फुल्या. काकांनी चौथ्या खिडकीवरचं पॅनल माझ्यासमोरच खोललं, एसीच्या डक्टमध्ये हात घातला, चाचपलं, आणि माझ्या हातावर ठेवला शेंगदाण्याएवढा एक रिव्हेट.