पापणीच्या शस्त्रक्रियेआधी : गोळ्यांची पिशवी घेऊन या

(कोल्हापुरात ज्येष्ठ नागरिकांसमोर एका नेत्रशल्यचिकित्सकाने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पापणी उतरलेला माणूस मला तपासणीच्या खोलीत शिरतानाच त्याच्या कपाळावरून ओळखू येतो. डोळ्यांवर आलेली झापड वर ओढण्यासाठी तो दिवसभर भुवया ताणून धरतो, कपाळावर आडव्या आठ्या कायमच्या बसतात, हनुवटी थोडी वर जाते आणि संध्याकाळ झाली की कपाळ दुखू लागते. कागलकडच्या एका आजींनी मला सांगितले होते की, पोथी वाचताना त्या एका हाताने पान धरतात आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने पापणी. अशा माणसाला शस्त्रक्रियेचा उपयोग होतो. मात्र ती नेमकी कोणती करायची, हे ठरवणे हाच तयारीचा पहिला भाग आहे.

मराठीत आपण केसांनाही पापणी म्हणतो आणि डोळ्याच्या झाकणालाही. आज मी झाकणाविषयी बोलतो आहे. हे झाकण खाली येण्याची कारणे निरनिराळी असतात. कधी वरची कातडी सैल होऊन केसांवर लोंबते, कधी पापणी उचलणाऱ्या स्नायूचा पातळ पडदा वयोमानाने ताणून सुटतो, तर कधी भुवईच घसरलेली असते आणि दोष पापणीला लागतो. कातडी काढून स्नायूचे काम भागत नाही आणि स्नायू आवळून भुवई वर येत नाही. म्हणून आम्ही डोळ्यावर उजेड टाकून बाहुलीतल्या ठिपक्यापासून पापणीच्या कडेपर्यंतचे अंतर मोजतो. ते साधारण ४ ते ५ मिलिमीटर असावे लागते. बाजूचे किती दिसते याची तपासणी दोनदा होते, एकदा पापणी आहे तशी ठेवून आणि एकदा चिकटपट्टीने उचलून. दोन्हींतला फरक कागदावर उमटला की शस्त्रक्रियेचा लाभ किती होईल याचा अंदाज येतो, आणि विम्याचा प्रश्न निघाला तर ही केवळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया नाही हे दाखवायलाही तोच कागद कामी येतो.

येताना जुने फोटो आणा. लग्नाचा अल्बम असेल तर फारच उत्तम, कारण झापड जन्मापासूनची आहे, हळूहळू आलेली आहे की अलीकडची, हे फोटो खरे सांगतात. सकाळी डोळा नीट उघडतो आणि दिवस कलता कलता मिटू लागतो, असे होत असेल तर ते आवर्जून सांगा. तो स्नायूंच्या एका वेगळ्या आजाराचा प्रकार असू शकतो आणि त्यावर आधी औषधोपचार करावे लागतात. एका दिवसात अचानक पापणी पडली, सोबत डोके ठणकते आहे किंवा एकाचे दोन दिसत आहेत, तर शस्त्रक्रियेची तारीख मागत बसू नका, तातडीने मोठे रुग्णालय गाठा.

आता गोळ्यांकडे येतो, कारण माझा सर्वांत जास्त वेळ तिथेच जातो. ‘रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का?’ असे विचारले की बहुतेक जण ‘नाही’ म्हणतात, आणि ते खोटे बोलत नसतात. आपल्याकडे कधी कधी कोलेस्टेरॉलच्या औषधाबरोबर ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारे औषध, एकाच कॅप्सूलमध्ये घातलेले असते. रुग्णाच्या दृष्टीने ती ‘चरबीची गोळी’. कागलच्या त्या आजींचीही तीच गत झाली. त्यांच्या मुलाने पिशवी टेबलावर उलटी केली, तेव्हा त्या पाकिटामागची बारीक अक्षरे भिंग लावून वाचल्यावर मला अ‍ॅस्पिरिन सापडले. म्हणून यादी लिहून आणू नका, पिशवीच आणा. गुडघेदुखीच्या गोळ्या, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, ‘ई’ जीवनसत्त्व, लसणाच्या गोळ्या, वैद्यांची चूर्णे, सगळे त्यात असू द्या.

एवढा आग्रह कशासाठी, तर डोळा हाडांच्या खोबणीत बसलेला असतो आणि मागे रक्तस्राव झाला तर त्या रक्ताला पसरायला जागा नसते; दाब वाढून दृष्टीची नस गुदमरते. हे क्वचित घडते, पण घडले तर नजर जाऊ शकते. अ‍ॅस्पिरिनचा परिणाम ७ ते १० दिवस टिकतो, म्हणून आदल्या दिवशी ते बंद करून काही साधत नाही. मात्र हृदयात स्टेंट असलेल्यांनी ही गोळी स्वतःच्या मनाने बंद करणे त्याहून धोक्याचे आहे. हा निर्णय तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांनी आणि शल्यचिकित्सकाने मिळून घ्यायचा असतो. रक्तदाबाची गोळी सहसा शस्त्रक्रियेच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायची असते. दाब चढला की रक्त थांबत नाही. मधुमेह असलेल्यांनी गोळी कधी घ्यायची आणि काय खायचे, हे आधी विचारून ठेवावे; औषध घेऊन उपाशी बसू नये.

डोळे कोरडे पडत असतील तर तेही तपासावे लागते. पापणीच्या कडेला कागदाची पट्टी ५ मिनिटे अडकवून ओल किती उतरते ते पाहतात. कातडी जास्त निघाली तर डोळा पुरता मिटत नाही, आणि कोरड्या डोळ्याला ते सोसत नाही. तंबाखू आणि मिश्री, दोन्ही काही आठवडे आधी सोडाव्यात. जखम भरायला त्या आडव्या येतात. गुऱ्हाळावर काम असेल तर हंगाम संपल्यावरची तारीख घ्या, चुलवाणाचा धूर आणि ताजे टाके यांचे जमत नाही.

आदल्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करून घ्या, कारण पुढे काही दिवस केस धुता येणार नाहीत. काजळ, सुरमा, केसांचे तेल नको. भूल बहुधा पापणीपुरतीच दिली जाते. स्नायूचे काम असेल तर मध्येच ‘डोळे उघडा’ असे सांगून दोन्ही बाजूंची उंची जुळवून पाहतात, तेव्हा घाबरू नका. परत जाताना गाडी दुसऱ्या कोणी चालवावी. टाके साधारण आठवड्याभरात निघतात. तोवर उशी उंच घ्यावी आणि वाकून घागर उचलू नये. सूज आणि काळे-निळे डाग येणारच. पण डोळा एकाएकी फुगून ठणकू लागला, कडक झाला किंवा नजर अंधुक झाली, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी त्याच क्षणी फोन करा. सकाळची वाट पाहू नका.