वरच्या काकूंचा डबा आणि नाताळची शांती

(स्टीलचा गोल डबा कॅमेऱ्यासमोर धरून)

जय ख्रिस्त मंडळी! हा डबा माझा नाही. जरा जवळ आणते. झाकणावर कोरलेलं दिसतंय? वर नाव आहे, ते मी मुद्दाम अंगठ्याखाली झाकलंय, खाली 1987. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या सासूबाईंचा डबा. गेल्या वर्षीच्या दिवाळीत यातून अनारसे आले होते. आता भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आपली रीत. इंदूरला चार पिढ्या झाल्या तरी मराठी घरातून ती सुटलेली नाही, मग ते घर देवळात जाणारं असो की चर्चमध्ये. म्हटलं, नाताळचा फराळ भरून देऊ.

तेवढ्यात टाकी साफ करण्याच्या पैशांवरून आमचं वाजलं. रक्कम सांगत नाही, लाज वाटेल इतकी लहान आहे. मी जिन्यात उभी राहून नको ते बोलले. डबा गेला नाही. वर्षभर ओट्याखालच्या फळीवर पडून होता, आणि इकडे मी नाताळच्या शांतीवर व्हिडिओ करायला बसले होते!

तर, शांती. आपल्याकडे दोन शब्द आहेत. एक शांतता, जी राखा म्हणून दवाखान्याच्या भिंतीवर लिहितात. ती आमच्या जिन्यात वर्षभर होती, अगदी कडक. दुसरा शब्द शांती. बायबलमध्ये त्याच्यामागे हिब्रू शब्द उभा आहे, शालोम. त्याच्या मुळाशी पुरं होणं, अखंड होणं हा अर्थ आहे. त्याच धातूपासून देणं चुकवणं, भरपाई करणं हेही शब्द होतात. म्हणजे उधारी तशीच आणि फक्त आवाज बंद, याला शालोम म्हणत नाहीत.

आता लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय. दरवर्षी आपण तो ऐकतो आणि मनात केकचा विचार करत असतो, मी तरी करते. रात्रीची वेळ, मेंढपाळ रानात कळप राखतायत. देवदूत येतो आणि आधी काय म्हणतो? भिऊ नका. आनंदाची बातमी त्यानंतर. ही बातमी सगळ्या लोकांसाठी आहे असं तो सांगतो, पण सांगायला जातो कोणाकडे, तर उघड्यावर थंडीवाऱ्यात जागणाऱ्यांकडे. ज्या बाळाची बातमी, त्यालाही उतारशाळेत जागा मिळालेली नाही, गव्हाणीत ठेवलंय. आणि मेंढपाळ ऐकून घरी झोपायला जात नाहीत. ते लगबगीने जातात, बघतात आणि भेटेल त्याला सांगत सुटतात.

आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या, चार मेणबत्त्या लावता ना? बऱ्याच चर्चमध्ये तिसरी गुलाबी असते. त्या रविवारचं लॅटिन नाव गौदेते, म्हणजे आनंद करा. हे शब्द येशूचा प्रेषित पौल याने फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातले. प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा सांगतो, आनंद करा. हे पत्र त्याने कैदेतून लिहिलं. स्वतः बेड्यांत आणि वर आनंद करा!

कैदेवरून आपल्या इंदूरच्या जेलची गोष्ट आठवते. सिस्टर राणी मारिया मूळच्या केरळच्या, काम उदयनगरच्या आदिवासी गावांत. सावकाराच्या तावडीतून लोकांना सोडवायचं, बचत गट करायचे, बँकेचं कर्ज मिळवून द्यायचं, हे त्यांचं रोजचं काम. काहींना ते खुपलं. 25 फेब्रुवारी 1995 ला त्या बसने इंदूरकडे निघाल्या होत्या. वाटेत सगळ्या प्रवाशांदेखत त्यांना भोसकून मारलं. मारेकऱ्याला जन्मठेप झाली.

त्यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, त्याही धर्मभगिनी. 2002 च्या राखीपौर्णिमेला त्या इंदूरच्या जेलमध्ये गेल्या आणि ज्या हाताने बहिणीला मारलं त्या हाताला राखी बांधली. त्याला लवकर सोडावं म्हणून घरच्यांनी क्षमा लिहून दिली आणि 2006 मध्ये तो सुटला. नंतर तो केरळात त्यांच्या घरी गेला, तेव्हा म्हाताऱ्या आईने त्याचे हात हातात घेऊन त्यांचं चुंबन घेतलं. 4 नोव्हेंबर 2017 ला याच शहरात सिस्टर राणी मारियांना धन्य घोषित केलं गेलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी.

राखी बघा तुम्ही. धागा चर्चमधला नाही, तो आपल्या सगळ्यांच्या घरातला आहे.

आणि माझं भांडण टाकीवरून.

मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो की अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. त्याच्या मनात, बरं का. चूक कोणाची, हे तिथे विचारलेलंच नाही. मी वर्षभर तेवढंच विचारत होते.

जाणार असाल तर एक सांगते. डब्यात फराळच ठेवा, त्याखाली धर्माचं पत्रक ठेवू नका. आनंद द्यायला जाताय, वसुलीला नाही. आणि बरोबर खुलासा नेऊ नका. मी तीन वाक्यांचा पाठ करून गेले होते, दार उघडताच विसरले.

परवा संध्याकाळी गेले. करंज्या, शंकरपाळ्या. काकूंनी दार उघडलं, आतून तळणाचा वास. मी म्हटलं, "काकू, चुकलं माझं." त्यांनी झाकण काढलं, एक शंकरपाळी तोंडात टाकली.

"तुपातल्या?"

"हो."

"थांब."

आत गेल्या. मी जिन्यात उभी, त्याच पायरीवर. पाच मिनिटांनी डबा घेऊन बाहेर आल्या. आत दोनदा तळलेले गराडू, म्हणजे आमच्याकडचा थंडीतला कंद, वर जीरावन मसाला, लिंबू पिळलेलं. "गरम आहेत तोवर खा. आणि टाकीवाला गुरुवारी येतोय."

(झाकण उघडून) गराडू कधीच संपले. डबा पुन्हा माझ्याकडे. रिकामा तर देता येणार नाही, उद्या गुळपापडी करतेय.